आरशातला सजदा

३ नोव्हेंबर
या दोन हातांनी केलेलं: मशिदीतला चपलांचा रॅक. मशिदीच्या माइकचा स्टँड. बायकोच्या, जैतूनच्या शिलाई मशीनला मोटर (एकदाच जळली). आणि आज मोबाईलचा स्टँड. भंगारातल्या लूमचा दांडा, सायकलच्या घंटीचा क्लॅम्प. कोर्स कुठलाही नाही. तसूभर हलत नाही.
उद्यापासून रील्स. विषय: मोबाईल हाच आजचा बुत. लोक अल्लाला सोडून लाइकपुढे झुकतात. कुणीतरी सांगायला हवं. आवाज माझ्याकडे आहे. चौदा वर्षं मोहल्ल्याची अजान मीच देतो.
संकल्प: व्ह्यूज बघायचे नाहीत.

४ नोव्हेंबर
पहिला रील: ‘दिखावा हाही शिर्कच, अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला पुजणंच.’ व्ह्यूज बावीस. (आपोआप दिसले.) बायको म्हणाली, त्यातल्या वीस डाव तर तुमीच बघितला की.
चूक. सतरा.

६ नोव्हेंबर
आजचा रील: सजदा बिनचूक कसा करावा. लोकांचं कपाळ टेकतं, नाक टेकत नाही. बाजूने घेतलं तर पोट दिसतं. मागून घेतलं तर चेहराच नाही. म्हणून स्टँड समोर, किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या बाजूला, स्क्रीन माझ्याकडे. मागे कपाटाचा आरसा लख्ख पुसून घेतला. अकरा टेक. दहाव्यात खरंच रडू आलं, पण नाक फ्रेमबाहेर.
जैतून दारातून म्हणाली, अवो, झुकताय कुणापुढं? म्होरं तर तुमीच दिसताय. तिला फ्रंट कॅमेरा कळत नाही.
अस्रची अजान दिली. नमाज एडिटिंगमध्ये राहिली. नंतर कजा पढून भरून काढेन.

८ नोव्हेंबर
व्हायरल! अडीच लाख! मागच्या आरशात मोबाईलचा स्क्रीन दिसतो, स्क्रीनवर मी. कुणीतरी तेवढंच मोठं करून फिरवलंय: ‘नबीलालभाई नबीलालभाईंना सजदा करताना.’ जळणारे असतातच. विजापूर वेशीत रिक्षातून एक जण ओरडला, ओ सेल्फीचाचा! मी हात केला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मौलानांनी बाजूला घेतलं. हळू बोलले. नबीलालभाई, तुम्ही माइकपाशी गेलात की पोरं हसतात. अजान ऐकून लोकांना अल्ला आठवावा, हल्ली तुम्ही आठवता. थोडे दिवस राहू द्या. किती दिवस, विचारलं. त्यांनी नुसता खांदा दाबला.
घशाला विश्रांती हवीच होती. मौलानांचं बारीक लक्ष असतं.

१५ नोव्हेंबर
अजान आता गफूर देतो. पुढचे चार दात नाहीत. स्टँड माझा म्हणून निभावतंय.
जैतूनने मशीन बंद केलं, पदर डोक्यावर घेतला, शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या वेळी मशीन चालूच असायचं. मोटरच्या आवाजात ऐकू येत नसणार.

३० नोव्हेंबर
मौलाना घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, तो रील आज काढून टाका, उद्या पहाटे फजरच्या अजानपासून माइक तुमचा. मी स्वतः लोकांना सांगतो. जैतूनने मशीन थांबवलं.
मी वेळ मागितला. आत जाऊन रील एकदा नीट बघितला. लायटिंग अप्रतिम. बाहेर येऊन सांगितलं, दीनचं, धर्माचं काम असं पुसता येत नाही.
जैतूनने मशीन सुरू केलं.
ऑफर नाकारली. आजचे व्ह्यूज: सतरा.