एका शनिवारासाठी डांबरलेलं शेत

मी, कालोजेरा व्हिटाले, कै. साल्वातोरे व्हिटाले यांची पत्नी, वय त्र्याऐंशी, राहणार एल्डरक्रीक, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र तोंडी सांगत आहे आणि वकीलबाई मिस हॅडली ते लिहून घेत आहेत. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्यासमोर पत्त्यांचा डाव मांडावा. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाबणारे होते ते सगळे माझ्याआधी गेले. मला अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक कलम मला वाचून दाखवायचं ठरलं आहे. वकीलबाई वाचताना माझे टोमणे गाळतात हे माझ्या लक्षात आलं आहे. ते गाळू नयेत.

कलम १. राहतं घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, माझी मुलगी रोझालिया हिला. माझं करताना तिने कपाळाला आठी घातली नाही असं मी म्हणणार नाही. घातली, पण केलं.

कलम २. बँकेत जे काही आहे त्यातून माझी मूठमाती व्हावी आणि उरेल ते चर्चच्या गळक्या छपराला जावं. माझ्या नावाची पाटी लावू नये. मला ती वाचता आली नसती.

कलम ३. खुरपी, कांदे निवडायची मोठी चाळण आणि शिवणयंत्र ही पलीकडच्या शेतातल्या एस्पिनोसा कुटुंबाला. आमच्या घरात आता कोणाची नखं काळी होत नाहीत.

कलम ४. पांढऱ्या हातमोज्यांचा एक जोड, न वापरलेला, श्री. ट्रेव्हर व्हेटस्टोन, सध्या मुक्काम फ्लोरिडा, यांना परत. याचा खुलासा करणं भाग आहे.

व्हेटस्टोन ब्रदर्स हे शहरातलं सात मजली दुकान. सुईपासून पलंगापर्यंत सगळं तिथे मिळायचं. मी कापड घ्यायला गेले की एक कोटवाला माझ्यामागून चालायचा, कारण माझ्या अंगाला कांद्याचा वास यायचा. कापड मात्र चांगलं द्यायचे, हे खरं सांगायला हवं. पुढे गिऱ्हाइकं गाड्या घेऊन गावाबाहेर राहायला गेली. तेव्हा मालकांचा धाकटा मुलगा ट्रेव्हर याला सुचलं की आपण हातमोजे कशाला विकायचे, हातमोजे विकणाऱ्यांकडून भाडं घ्यावं. त्याने जमिनी घेणारी, मॉल बांधणारी वेगळी कंपनी काढली. एका टोकाला स्वतःचं मोठं दुकान, मधे छपराखाली छोटी दुकानं, सभोवार डांबर. मोठ्या दुकानाला ते लोक नांगर म्हणत. गलबताचा म्हणे. मी इतकी वर्षं नांगरामागे चालले, पण शेत जागेवर ठेवून त्यातलं पीकच नाहीसं करणारा नांगर तिथेच पाहिला.

चार मॉल बांधले. जे तोडलं त्याचंच नाव वर लावायचं ही त्यांची रीत. सफरचंदाची बाग तोडली तिथे ऑर्चर्ड मॉल, ओढा बुजवला तिथे ब्रूकसाइड. आमच्या कांद्याच्या जमिनीपाशी येऊन मात्र अडले. कांद्याचं नाव दारावर लावायला लाज वाटली. मग कोणा शिकलेल्याने सांगितलं की कांदा लिलीच्याच कुळातला. म्हणून नाव पडलं लिली फील्ड्स. उद्घाटनाला फोटोसाठी मला उभं केलं आणि ट्रेव्हरसाहेबांनी हे हातमोजे पुढे केले. म्हणाले, "बाई, फोटोत हात चांगले दिसतील." मी हात पदराखाली, म्हणजे एप्रनखाली घेतले. फोटोत मला हातच नाहीत.

कलम ५. मागचं शेत.

पुढची जमीन साल्वातोरेने विकली. मागची माझ्या माहेरची, ती मी विकली नाही. चाळीस वर्षांच्या कराराने दिली. माझाच मुलगा विन्चेन्झो, ज्याला सगळे व्हिन्नी म्हणतात, तेव्हा त्या कंपनीत नुकताच लागला होता. त्यानेच कागद आणला. मी विचारलं, एवढ्या गाड्या कुठून येणार? तो म्हणाला, नाताळच्या आधीच्या शनिवारी येतात. वर्षातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवसाला पुरेल एवढी जागा मोजायची असते, असं त्यांचं शास्त्र. म्हणजे एका शनिवारासाठी माझं शेत डांबरलं. उरलेलं वर्षभर तिथे समुद्रपक्षी बसायचे. खालची माती काळी, भुसभुशीत. डांबर दर वसंतात खचायचं, दर उन्हाळ्यात हे नवं ओतायचे. त्यातून कधी शिकले नाहीत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीने आईला खावं तसं कंपनीने दुकान खाल्लं. भाडं जास्त यायचं, म्हणून शहरातलं सात मजली आधी बंद. मग दुकानाचं नाव परक्यांना विकलं. मग कंपनीच शिकागोच्या कोणा फंडाने घेतली. दुकानाच्या नव्या मालकांनी नांगर उचलला आणि निघून गेले. मोठ्या दुकानाला जायची मोकळीक होती. छोट्यांना नव्हती. त्यांच्या करारात व्हिन्नीने घातलेली अट होती: दुकान रोज उघडं, दिवे चालू, फळीवर माल, एक दिवस कुलूप लागलं तर जागा गेली. न्हावी नुन्झिओने बायकोच्या मातीला दुकान बंद ठेवलं, तर त्याला नोटीस गेली. ती द्यायला माझा मुलगा गेला होता. काळा टाय तसाच होता, मातीहून सरळ गेला.

या एप्रिलमध्ये करार संपतो आणि शेत माझ्याकडे येतं. व्हिन्नी ते मालाच्या गोदामवाल्यांना द्यायचं बोलून बसला आहे. काल इथेच, या स्वयंपाकघरात, मला समजावत होता की डांबराखालची माती मेलेली असते.

"आई, तिथे आता गवतसुद्धा उगवणार नाही."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं तुमचं डांबर कोण गिळत होतं रे? मेलेलं काही गिळत नसतं."

तरी शेत मी त्यालाच देते. रोझालियाला दिलं तर ती दयेने भावाला देऊन टाकेल. व्हिन्नीला ते त्याच्याच अटीवर मिळेल: डांबर काढायचं, दर वसंतात पेरायचं, विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. एक हंगाम पडीक राहिलं, कोणाची माती असो वा आजारपण, तर शेत त्याच्या हातून गेलं आणि एस्पिनोसांचं झालं. सबब चालणार नाही.

हे सांगत असताना तो दारात उभा होता. वकीलबाईंनी बसायला सांगितलं, बसला नाही.

"आई, ही अट माझी आहे. शब्द न् शब्द माझा आहे."

"म्हणूनच तुला वाचून दाखवायची गरज नाही."

त्याने टोपी हातात फिरवली. न्हाव्याचं काही तरी बोलायला गेला आणि राहिला. वकीलबाईंनी विचारलं की हरकत नोंदवायची का. नाही म्हणाला. मग एवढंच विचारलं की कांद्याचं बी नक्की कधी टाकतात. एकसष्ट वर्षांच्या व्हिटालेला हे माहीत नसावं याची मला लाज वाटते. उत्तर मी दिलेलं आहे. ते या कागदात लिहिण्याचं कारण नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवलं, टोमण्यांसकट. बरोबर आहे. खाली फुली माझ्या हाताची, हातमोज्याविना.

कालोजेरा व्हिटाले: ✗

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही व जे तरीही आले:
१. बर्निस टॅलमन, शेजारीण (सही)
२. डॉ. ऑगस्ट रेनकी, दंतवैद्य (सही)

ठिकाण: एल्डरक्रीक, स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च १९९७