दर रविवारी उठ, तारीख बघ

बरकतपुरा, हैदराबाद
सोमवार, १३ एप्रिल १९९८

नाही हो विहीणबाई, काल रविवारी तुमची लेक ऑफिसला गेली नव्हती. काल ती माझ्या मागं पाटावर बसून माझ्या डोक्याला तेल चोळत होती, आणि तिला दिसू नये म्हणून तुमचं पत्र मी मांडीखाली दाबून ठेवलं होतं. म्हणजे तुम्ही त्यात मला जे जे सुनावलंय, त्यावर मी सकाळभर बसून होते असं समजा.

आता ही काय पत्र सुरू करायची रीत झाली! मायना राहिलाच. तर परभणीच्या सौभाग्यवती सुशीलाबाईंना बरकतपुऱ्याच्या भामाबाईचा दोन्ही हात जोडून, पण मान जराशी ताठ ठेवून (मुलाकडची आहे मी, विसरू नका) नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याही लक्ष्मणराव अजून जेवताना पेपर वाचतात का, की आता पेपर वाचताना जेवतात? इकडं ऊन लई आहे, नळ एक दिवसाआड येतो, पराग जसा लग्नात दिला होता तसाच आहे, काही सुधारणा नाही. आणि हा कागद बघून दचकू नका. हिरव्या रेघा आणि कडेला भोकं, हा तुमच्या वृषालीच्या ऑफिसातला वाया गेलेला कागद. एका अंगाला बसच्या सीटांचे आकडे, दुसरं अंग कोरं. आमच्याकडं पापड ह्यावरच वाळतात, डब्यांच्या तळाला हाच, पत्रं ह्यावरच. घडीला घडी जोडलेली असते, कुठं थांबावं ते कळत नाही. मी चौथी शिकलेली बाई, कागद संपला की पत्र संपवायचं एवढंच मला मास्तरांनी शिकवलेलं. त्यामुळं आज तुमची काही धडगत नाही.

तुम्ही लिहिलंय की अक्षय तृतीयेला येते, लेकीला घेऊन जाते आणि राजीनामा लिहून घेतल्याशिवाय परत पाठवत नाही. आणि म्हणे "फेब्रुवारीत कुण्या भल्या माणसानं निनावी पत्र टाकून आमचे डोळे उघडले, की पोरगी रविवारीसुद्धा घरात नसते आणि सासू एकटी जेवते." त्या भल्या माणसाचं मी शेवटी बघते. आधी तुमची लेक तिथं काय करते ते तरी ऐका. तुम्हाला वाटतं ती बसची तिकिटं फाडते. मलाही वर्षभर तसंच वाटायचं.

नामपल्लीला त्या बसवाल्या कंपनीचं मोठं ऑफिस आहे. तिथं एक काँप्युटर आहे, फ्रिजएवढा नाही पण फ्रिजसारखाच थंड खोलीत ठेवलेला. नामपल्लीच्या आणि दिलसुखनगरच्या खिडक्यांवर जी पोरं बसतात, त्यांच्यासमोरचे सगळे पडदे ह्या एकाच यंत्राचे. ते बसलं की सगळे बसले. त्याच्या पोटात युनिक्स म्हणून काहीतरी आहे, आणि त्या युनिक्सच्या घरात क्रॉन नावाचा एक गडी आहे. हा गडी मला फार आवडला. आमच्या माहेरी उदगीरकडं सालगडी होता, त्याला दहादा हाक मारली की एकदा यायचा, आणि आला की कशाला आलो ते विसरायचा. हा क्रॉन दर मिनिटाला उठतो (दर मिनिटाला, विहीणबाई! पराग दिवसातून एकदा उठतो तेही उपकार केल्यासारखं), यादी वाचतो, आत्ताचं काही काम आहे का बघतो, नसलं तर पुन्हा पडतो. पगार नाही, चहा नाही, बिडी नाही.

आणि ती यादी तुमची लेक लिहिते. एका कामाला एक ओळ. ओळीत आधी पाच घरं: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मग काम. ज्या घरात चांदणी काढली त्याचा अर्थ "दर". वाराला रविवार शून्य. कोथिंबीर निवडता निवडता तिनं मला सगळं शिकवलं, एकदाही "तुम्हाला नाही कळायचं" म्हणली नाही. लगेच मी फळीवर खडूनं घराची यादी केली. तुमच्यासाठीही एक ओळ केलीय: मिनिट शून्य, तास सोळा, पुढं तिन्ही घरांत चांदण्या, काम: भामाबाईला नावं ठेवणे. चुकत असेल तर कळवा, तास बदलते.

तर झालं असं, की ह्या यंत्राची साफसफाई असते. सगळ्यांना बाहेर काढायचं, कुलूप घालायचं, जुन्या नोंदी गाळायच्या, राहिलेल्यांची टेपवर नक्कल घ्यायची, मग कुलूप काढायचं. अडीच तास लागतात, आणि मधे तोडता येत नाही, नोंदी अर्ध्या राहतात. गर्दी नसते म्हणून रविवारी सकाळी दहाला. हे सगळं वृषाली दर रविवारी स्वतः जाऊन हातानं करायची. मग तुमच्या घरी ते निनावी पत्र गेलं, तुमच्याकडून तिला चार पानांचं आलं. ती भांडली नाही, रडली नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणली, "आई, मी काहीतरी करते. महिन्यातला एकच रविवार जाईन, बाकीचे तुमचे." मोठी साफसफाई फक्त पहिल्या रविवारी करायची, आणि तीही क्रॉनच्या यादीत टाकायची, असं ठरवलं. टेप बदलायला म्हणून तेवढं एकदा जायचं. मालकाला पटवलं, महिनाभर खपली. मार्चच्या एकतीस तारखेला, मंगळवारी, ओळ लिहिली: मिनिट शून्य, तास दहा, तारीख एक ते सात, महिना चांदणी, वार रविवार. पहिल्या सात तारखांत एक रविवार येतोच, तोच पहिला. मीसुद्धा बोटांवर मोजून बघितलं, बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार, एक एप्रिल. पोरगी डबा विसरून गेली (माझी वांगी विसरण्यासारखी नव्हती, पण जाऊ द्या), म्हणून मी रिक्षा करून नामपल्लीला गेले. खिडकीपुढं ही गर्दी! लेकरं, ट्रंका, एक बाई तर कोंबडी घेऊन. भिंतीवरच्या घड्याळात दहाचा ठोका पडला आणि सगळे पडदे एकदम काळे. आधी वाटलं लाइट गेली. पण पंखा फिरत होता. रांगेतला एक म्हातारा ओरडला, "क्या अम्मा, एप्रिल फूल बना रे क्या?" मला काय विचारतो! पण मी डबा घेऊन पुढं उभी, त्याला वाटलं मीच कुणी मोठी आहे. मीही म्हणलं, "हौ चाचा, जरा बैठो, आता है." कुणीतरी बोललं पाहिजे ना.

आणि मग तुमची लेक आली बाहेर. विहीणबाई, तुम्ही तिला लग्नात उखाणा घेताना बघितलंय, आवाज निघत नव्हता. ही पोरगी स्टुलावर चढली आणि तेलुगूत, उर्दूत, मराठीत, तिन्ही भाषांत सांगितलं, की अडीच तास काँप्युटर बंद आहे, कुणीही परत जायचं नाही, तिकीट हातानं लिहून मिळेल. माळ्यावरची जुनी रजिस्टरं काढली, पोरांना रेघा मारून दिल्या, कुठल्या बसची कुठली सीट गेलीय ते सकाळच्या छापील कागदावरून वाचून दाखवायला लागली. तेवढ्यात कोंबडी सुटली. तीही तिनंच धरली. मी डबा हातात घेऊन बघतच राहिले. मला वाटलं, ही माझ्या घरात कपबशा धुते ती हीच का?

तिला वाटलं कुणीतरी चुकून हातानं काम सुरू केलं असेल. यंत्राची तारीख तपासली, बरोबर. पासवर्ड बदलला. गुरुवारी दहाला पुन्हा पडदे काळे! आता सिकंदराबादचा कुलदीप म्हणून एक काँप्युटरवाला आहे, रंगीत पडद्याची यंत्रं विकतो, तो मालकाच्या कानाला लागलेलाच होता. तो म्हणला, तुमच्या यंत्राला तारीख वाचता येत नाही आणि तुमच्या मॅडमला यंत्र. मालक वृषालीला म्हणाले, "अम्मा, उद्या दहाला मी स्वतः समोर बसतो. यादी पुसून टाकायची नाही, पुसणं म्हणजे दुखणं लपवणं. यादी राहून यंत्र चाललं पाहिजे आणि कारण सांगता आलं पाहिजे. नाही तर शनिवारपासून कुलदीप."

संध्याकाळी ती घरी आली आणि स्वयंपाकघरात खाली बसली. समोर ती ओळ. मी शेंगदाणे भाजत होते, माझा गुरुवार.

"आई, मी दोन्ही लिहिलंय. तारीख एक ते सात, आणि वार रविवार. आज दोन तारीख आहे, मान्य. पण रविवार कुठाय?"

मी म्हणलं, "मी आज का उपाशी आहे?"

"गुरुवार म्हणून."

"आणि येत्या मंगळवारी?"

"एकादशी आहे म्हणून."

"मग मंगळवारी गुरुवार कुठाय?"

मी खरं तर चेष्टा करत होते, तिचं तोंड उतरलेलं बघवेना म्हणून. पण ती माझ्याकडं बघतच राहिली. मी आपली पुढं, "बाई, मी गुरुवार धरते आणि एकादशीही धरते. दोन्ही एकाच दिवशी यायची वाट बघत बसले असते तर वर्षातून चारदा उपास घडला असता आणि मी आत्ता आहे त्याच्या दुप्पट झाले असते. तुझा गडी माझ्यासारखा भाविक दिसतो. तू त्याला तारखाही सांगितल्यास आणि वारही. तो बिचारा दोन्ही धरतोय."

शेंगदाणे करपले. पोरगी उठून आत पळाली, उशीएवढं जाड पुस्तक आणलं, पानं उलटली, आणि एका पानाच्या तळाला बारीक अक्षरात दोन ओळी सापडल्या: तारीख आणि वार दोन्ही दिले तर दोन्हींपैकी काहीही जुळलं तरी काम होईल. म्हणजे एक ते सात रोज, आणि वर सगळे रविवार! तिनं मला मिठी मारली, करपलेल्या शेंगदाण्यांसकट. मग शांतपणे बसून तोड काढली. ओळीत आता फक्त रविवार. आणि कामाच्या आतच पहिलं वाक्य असं, की उठलास की तारीख बघ, सातच्या पुढं असेल तर काही न करता परत झोप. किती सोपं! पण ते सुचायला डोकं लागतं, आणि ते तुमच्याकडून आलंय हे मी आज लिहून देते. (लक्ष्मणरावांकडून आलं असेल तर तसं कळवा.)

शुक्रवारी मी मुद्दाम डबा तिच्या पिशवीतून काढून ठेवला आणि मागून घेऊन गेले. दहाला पाच मिनिटं. मालक खुर्ची टाकून बसलेले, कुलदीप दाराशी, ओठातल्या ओठात हसत. वृषालीचे हात मागं, बोटं एकमेकांत अडकवलेली. दहा वाजले. प्रिंटर आपला करकर करकर तिकिटं ओढतोय. दहा वाजून एक. दोन. मला तर वाटलं मीच पडदा काळा करते श्वास रोखून. दहा वाजून पाच मिनिटांनी मालक म्हणाले, "कारण?" वृषालीनं माझ्याकडं बोट केलं आणि गुरुवार-एकादशी सांगितली. मालक दर शनिवारी वेंकटेश्वराचं धरतात आणि एकादशीही धरतात. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हे तर माझी बायको पण सांगितली असती." (सांगितलं नाही ना पण! सांगितलं मी.) सगळ्यांना इराणी चहा आला. कुलदीपनंही प्याला, बिस्किट मात्र घेतलं नाही.

पाच तारखेचा पहिला रविवार रामनवमीचा होता. वृषाली म्हणाली, "आई, तुम्हीपण चला." रिकामं ऑफिस, थंड खोली, दहाच्या ठोक्याला ती टेप आपली आपण फिरायला लागली, कुणी हात लावला नाही. आम्ही दोघी बाजूला स्टुलांवर बसून रामाच्या मांडवातून आणलेलं पानकम, म्हणजे इकडचं गुळाचं पन्हं, प्यायलो आणि डबा खाल्ला. ती मधेच उठून पडद्यावर काहीतरी वाचायची आणि मान हलवायची, जशी मी पुरण शिजताना हलवते. आणि काल बारा तारखेला तो गडी उठला असेल, तारीख बघितली असेल, झोपला असेल. इकडं माझ्या डोक्याला तेल.

अशी पोरगी मी राजीनामा द्यायला परभणीला पाठवत नाही. तुम्ही या, चार दिवस सोडून चाळीस दिवस राहा, मला हवं ते बोला. तिला बोलू नका.

तुमची, मानानं मोठी आणि वयानं दोन महिन्यांनी लहान,
भामाबाई

ता. क. येताना कुरडया आणा. मागच्या वेळच्या खारट होत्या, तरी आणा.

ता. क. दुसरा. अक्षय तृतीयेला आलात की तीन मेपर्यंत हलू नका. तो पहिला रविवार. तुम्हाला नामपल्लीला नेते, तिसरं स्टूल आहे. तिनं काय केलंय ते एकदा डोळ्यांनी बघा आणि मग राजीनाम्याचं बोला, हिंमत असली तर.

ता. क. तिसरा. आता त्या भल्या माणसाचं. ते निनावी पत्र सोबत आणू नका, निघायच्या आधी चुलीत घाला. वृषालीच्या हातात पडलं तर ती एका नजरेत ओळखेल. कडेची भोकं फाडून काढली होती, पण हिरव्या रेघा कुठं जाणार? डाव्या हातानं मीच लिहिलं होतं ते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिसऱ्यांदा वरण एकटीसाठी गरम केलं आणि मला राग आला. तिची नोकरी जायची वेळ आली ती माझ्यामुळं, आणि तिला हे अजून मी सांगितलेलं नाही.