बाकीच्या पाच

श्री. करण यांस,

माझा नकार मामांनी तुम्हाला फोनवर कळवला. कारण सांगायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

पोहे खाताना माझ्या कपाटातल्या गाण्यांच्या सहा तबकड्या पाहून तुम्ही हसलात. “सहाही सारख्याच? लग्नानंतर एक ठेवा, बाकीच्या विकून टाका.”

ब्लूज रॉक गाण्यांचा जुना इंग्रजी अल्बम एकच, पण प्रत्येक तबकडी वेगळ्या देशात तयार झालेली. नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात मी दिवसभर सुट्या भागांतले मायक्रॉनमधले, केसाहून बारीक फरक मोजते. घरी तेवढेच बारीक फरक कानाने ओळखते. तेव्हा मात्र मी नुसते कप उचलले.

तुम्ही गेल्यावर एक तबकडी लावली. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. इंग्रजी तिला कळत नाही. तिथूनच म्हणाली, “ही जपानची व्हय गं? हिच्यात ढोल लई साफ वाजतोय.”

जपानचीच होती.

“मग त्यो पाव्हना सारख्याच हायेत कसं म्हनला?”

त्यानंतर मी मामांना फोन केला.

उद्या सातवी तबकडी येतेय. आईने बजावलंय, “कुठली ते सांगू नको. आधी ऐकू दे.”

आपल्या निवडीवर ठाम,
ज्ञानेश्वरी