नदीकरार, सर्वानुमते

४ ऑगस्ट
आजपासून व्याख्यान बंद. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय ऐकून येत नाही, करून येतो. वर्गाचे पाच देश पाडले, प्रत्येक देशाचा एक प्रतिनिधी. सगळ्यांची मिळून एक नदी, तिच्या पाण्याचा एक करार. नियम एकच: करार सर्वानुमते. मी मूळची इंजिनिअर. यंत्रणा नीट रचली की ती आपोआप चालते.
२९ तारखेला विभागप्रमुख सर वर्ग बघायला येणार. माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, ते त्यावर ठरेल. तोवर करार होऊन चार धडे पुढे गेलेले असतील.

५ ऑगस्ट
उगमाचा मोठा देश भोंग्याला दिला. पहिला बाक, तोंडाला विश्रांती नाही. मुखाजवळचा सर्वांत छोटा देश मुद्दाम खिडकीवालीला. ही मुलगी हजेरीपलीकडे कधी बोललेली नाही. आता बोलावंच लागेल. सर्वसमावेशक शिक्षण म्हणतात ते हेच.

८ ऑगस्ट
चार देशांचं जमलं. खिडकीवालीला विचारलं, मान्य? नाही, म्हणाली. एकच शब्द, पण प्रगती.

१२ ऑगस्ट
नाही.
भोंगा वैतागला. म्हणाला, मॅडम, हिचा देश नकाशावर शोधायला भिंग लागतं आणि ही आम्हा सगळ्यांना वेठीला धरून बसलीय. मी म्हटलं, यालाच नकाराधिकार म्हणतात. तो म्हणाला, कळलं, मग पुढचा धडा कधी? करार झाल्यावर. नियम म्हणजे नियम.

१३ ऑगस्ट
ताईकडे राहते आहे. माझ्या खोलीत सगळ्या घराचे कपडे वाळतात, दोरीखालून वाकून कॉटपर्यंत जायचं. नेमणूक पक्की झाली की स्वतःचं घर.
जेवताना वर्गाचं सांगितलं. ताई म्हणाली, मग बदल की नियम, तूच केलायस ना? चालू यंत्रणा उघडत नाहीत, हे तिला पटलं नाही. भावजी ताटातून मान वर न करता म्हणाले, या घरात सर्वानुमते काय ठरतं ते विचार तुझ्या ताईला. ताई म्हणाली, तुम्ही जेवा.

१८ ऑगस्ट
खिडकीवालीला स्टाफरूममध्ये बोलावलं. अनौपचारिक चर्चा. दबाव अजिबात नाही, अंतर्गत गुणांचा विषय आपला सहज निघाला. तिने शांतपणे विचारलं, मॅडम, धमकी हा भाग अभ्यासक्रमात आहे का? मी उत्तर द्यायच्या आत तिने लिहूनही घेतलं.
विद्यार्थिनी नोट्स काढू लागली. चांगलं लक्षण.

२१ ऑगस्ट
भोंग्याला एकटं गाठून सुचवलं, वरून पाणी थोडं अडवून बघ. निव्वळ प्रयोग म्हणून. त्याने जिन्यातच सगळ्यांना सांगितलं, मॅडम मला युद्ध करायला लावतायत.
दुपारी पाचही देश खिडकीपाशी डोकी जुळवून बसले होते. मी आत गेले तसे गप्प झाले. एकाग्रता वाढली आहे.

२५ ऑगस्ट
करार झाला. सर्वानुमते. खिडकीवालीला नेमकं काय हवंय, ते म्हणे बाकीच्यांनी तिलाच विचारलं. मी विचारलं नव्हतं. यंत्रणेत तशी पायरी नव्हती.
मसुदा तिचा, वाचन भोंग्याचं. शेवटचं कलम: बाहेरच्या सत्तेने, म्हणजे मी, चर्चेत बोलायचं नाही. पाचही देशांनी परवानगी दिली तरच. हरकत घ्यायला गेले, तर भोंगा अदबीने म्हणाला, मॅडम, तुम्ही देश नाही ना.
नियम माझाच. सही केली. तात्पुरतं आहे.

२९ ऑगस्ट
सर आले. मी कपाट आणि दार यांच्यामधल्या घडीच्या खुर्चीत. दार उघडलं की पाय वर घ्यावे लागत होते.
वर्ग अप्रतिम झाला. दुष्काळावर चर्चा, मागच्या बाकावरचेही बोलले, खिडकीवाली अध्यक्ष. सर खूश. मग माझ्याकडे वळून म्हणाले, यात तुमचं नेमकं काम काय असतं?
मी वर्गाकडे बघितलं. चार हात वर गेले. खिडकीवाली म्हणाली, नाही.
मी सरांकडे बघून मान हलवली. त्यांना सगळं समजलं असावं.

२ सप्टेंबर
सरांचा मेल. वर्ग आदर्श आहे. पुढच्या सत्रात हा विषय विद्यार्थीच चालवतील, त्यामुळे माझी नेमणूक वाढवण्याची गरज उरत नाही. इतक्या थोड्या दिवसांत स्वतःची गरज संपवणारी शिक्षिका त्यांनी पाहिलेली नाही, असंही लिहिलंय. म्हणजे पद्धत सिद्ध झाली.
तरी थोडक्यात उत्तर पाठवलं: या निर्णयाला माझी सहमती नाही.
त्यांचं लगेच आलं. ती लागत नाही.