विमान कोणतं, एवढंच विचारलं

३ मे
मुलीचं, मारितचं, लग्न अकरा तारखेला जुनो शहरात. चर्चमध्ये मीच तिला हात धरून वेदीपर्यंत न्यायचं ठरलंय. अलास्कातल्या या बेटावरून निघायचं तर विमानच, फेरीबोट डागडुजीला गेलीय. प्रश्न एवढाच, विमान कोणतं? जेट असेल तर उत्तम. नऊ सीटची छोटी सेसना असेल तर विमान कंपनीच्या काउंटरवरची लोरेन वजनकाट्यावर उभं करते आणि गावासमोर आकडा वाचते. मला वजनाची लाज नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ मे
वेबसाइट म्हणते, विमान बदलू शकतं. फोन केला. लोरेन म्हणाली, किती तिकिटं जातात त्यावर ठरेल. वजन विचारलं. दोनशे दहा पौंड सांगितलं. खोटं नाही, निघेपर्यंत होईलच तेवढं. ब्रेड बंद.

६ मे, संध्याकाळ
ब्रेड बंदच आहे. तळलेला मासा डाएटमध्ये धरत नाहीत. बायको बोर्गहिल्डने लग्नाचा केक भाजला. चव कुणीतरी बघायलाच हवी होती.
लोरेनला पुन्हा फोन. म्हणाली, "आर्विड, तू प्रवास करतोयस की विमान विकत घेतोयस?"

८ मे
स्वतः धावपट्टीवर जाऊन पाहिलं. जेट उतरलं! म्हणजे या मार्गावर जेटच. सुटलो. डाएट थोडं सैल केलं.

१० मे, सकाळ
सेसना.
पळून जाणार कुठे, चारी बाजूंना पाणी. काट्यावर चढलो. दोनशे अठ्ठावन्न. लोरेनने आकडा हळूच वाचला, तेच जास्त लागलं. पायलटने सगळा हिशोब माझ्या दोनशे दहावर बसवला होता. सगळ्या सीट भरलेल्या. आता काहीतरी उतरवावं लागणार, म्हणाला. एक तर लग्नाच्या ड्रेसची पेटी आणि केक, नाहीतर मी.
मी बोर्गहिल्डकडे पाहिलं. तिला फारसा विचार करावा लागला नाही.
"ड्रेसवाचून लग्न अडेल रे," ती म्हणाली. पुढचं बोलली नाही.

१० मे, दुपार
पुढचं विमान उद्या दुपारी. लग्न सकाळी. चूक विमान कंपनीची. आधी नीट सांगायला नको?

११ मे
लग्न झालं. मारितला माझ्या भावाने नेलं. फोनवर रडली, मग केक फार छान झालाय म्हणाली. मला फार वाईट वाटलं.
लोरेनचा फोन आला. दुपारच्या विमानात जागा आहे, येतोस का? मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, जेट आहे.