महिनाभर धरलेली कंबर

माजी अर्धांगिनीस,

तक्रार गंभीर आहे. घटस्फोटात तू शब्दकोशाचा दुसरा खंड नेलास, त्यामुळे माझं संस्कृत 'न'पाशीच थांबलं आहे.

महिन्यापूर्वी तू कळवलंस की तपासणीत तुला एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू निघाला, मीही दाखवून घ्यावं. डॉक्टर म्हणाले, "पुरुषांसाठी नेहमीची अशी तपासणीच नाही. कुणी कुणाला दिला, तेही सांगता येत नाही." म्हणजे तुला दोष देण्याचं सुखही गेलं.

नव्या मैत्रिणीला मी कंबर धरल्याचं सांगून अंथरुणापासून लांब ठेवतो. ती बिचारी रोज शेक द्यायला येते. म्हणते, "पंडित, ही कंबर आहे की प्रबंध? संपतच नाही!"

माझ्यामुळे तिला लागण होईल, याची भीती वाटते. पण खरं सांगितल्यावर ती उठून जाईल, याची जास्त वाटते.

तुझा भूतपूर्व