जोडण्याआधीच सुधारलेला ॲम्प्लिफायर

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना पुढे आठवत नाही की सुरुवात नेमकी कुठून झाली. माझी इथून झाली.
सध्या हॉटेलच्या धुलाई खात्यात आहे. रोलरमध्ये एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कोरडी निघते. डोकं लागत नाही. त्यामुळे माझं डोकं कोरं करकरीत शिल्लक आहे.
बातमी अशी की इलेक्ट्रिक खात्यात हेल्परची जागा निघते आहे. एकच. फोरमनना लिफ्टपाशी गाठलं. शिक्षण किती, म्हणाले. म्हटलं, आठवीत शाळेला माझा कंटाळा आला. हसले नाहीत. म्हणाले, मला कागद नकोतच, स्वतःच्या हाताने जोडलेलं काहीतरी महिनाअखेर आणून दाखव. चालणारं पाहिजे.
"चालणारं" दोनदा म्हणाले. का ते कळलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ठरलं. ट्यूब ॲम्प्लिफायर. बल्बसारख्या काचेच्या ट्यूब असतात, आतली तार लाल तापते, गाणं त्यातून मोठं होऊन स्पीकरला जातं. बाकीचे अर्जदार फार तर टेबललॅम्प आणतील, बिचारे. किट मागवलं. पगार संपला. पण पगार दर महिन्याला येतो, जागा येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
किट आलं. खोका इतका जड की पोस्टमनने माझ्याकडे नव्या नजरेने पाहिलं.
स्टाफच्या मजल्यावर खोलीत मी आणि मामा. ते माझे मामा नव्हेत, अख्ख्या हॉटेलचे मामा. किचनमध्ये भांडी घासतात आणि खोलीत आले की आडवे होतात. विचारलं, काय रे राजा, बॉम्ब का? म्हटलं, मामा, करिअर. म्हणाले, असू दे, पण माझ्या पलंगापासून लांब ठेव.
आत ट्रान्सफॉर्मर, ट्यूब, दोन स्पीकर, पुड्या-पुड्यांत पार्ट, आणि चित्रांचं माहितीपत्रक. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: आधी दाखवल्याप्रमाणे जोडा, मगच बदल करा. हे नवशिक्यांसाठी असणार.

९ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर व्हिडिओ पाहिले. सगळे तज्ज्ञ एकच सांगतात: किटमधले पार्ट साधे असतात, बदला. मग आधी साधे लावायचे, मग काढायचे, मग चांगले लावायचे, हा दुप्पट उद्योग कशाला? मी थेट सुधारलेलाच जोडणार. हे इतक्या लोकांपैकी कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.
ताईचा फोन. जागेचं सांगितलं. आनंदली, पण म्हणाली, आधी होऊ दे, मग मी शेजारी सांगीन. मागून दाजी ओरडले, साहेब अजून चादरीच वाळवतात का म्हणून विचार. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
उसन्या पैशांतून नवे कपॅसिटर आले. कपॅसिटर म्हणजे करंट साठवून ठेवणारे छोटे डबे. माझे छोटे नाहीत. माहितीपत्रकातला शेंगेएवढा, माझा काकडीएवढा. जागेत बसत नाहीत. बाहेर लटकवले. दिसायला दणकट दिसतं.
पहिलं सोल्डरिंग, म्हणजे तापल्या सळईने तारांना डाख देणं. हात जन्मजात आहे. मामांच्या उशीला भोक पडलं, अगदी लहान. मामांना ते लहान वाटलं नाही.
धुलाई खात्यात कळलं की बटणवालीनेही अर्ज केलाय. गणवेशांची तुटलेली बटणं शिवते ती. काय जोडते आहेस, विचारलं. म्हणाली, बोर्ड. एक स्विच, एक बल्ब, एक प्लग. हसू आवरून शुभेच्छा दिल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार
आजचा शोध: फ्यूज. व्हिडिओत एक दाढीवाले म्हणतात, फ्यूजची तार केसासारखी बारीक, आख्खं संगीत त्यातून जाणार कसं? पटलं. फ्यूज म्हणजे आवाजाच्या वाटेतला टोलनाका. काढला. त्या जागी जाड तार.
आणखी एक रेझिस्टर होता, नुसता बसलेला. प्लग काढल्यावर कपॅसिटरमधला करंट रिकामा करण्यासाठी, असं माहितीपत्रकात लिहिलंय. साठवलेलं रिकामं करायचं? हा काय संसार झाला? तोही काढला.
काढलेले सगळे पार्ट पुडीत घालून पलंगाखाली सरकवले. कोणा गरजूला देईन.

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
आज चालू केला.
मजल्यावरचे दिवे गेले.
एवढी ताकद असेल असं मलाही वाटलं नव्हतं. शेजारचा चेहऱ्यावर साबण तसाच ठेवून दारात आला आणि बरंच बोलला. मामांनी त्याला सांगितलं, पोरगा संगीत शिकतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चूक सापडली. दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवायला हात घातला. प्लग काढलेला होता, मी स्वतः काढला होता, हातात धरला होता. तरीही यंत्राने मला मारलं. पलंगावर जाऊन पडलो. तेही मामांच्या.
मामा म्हणाले, प्लग काढला की वीज जाते असं तूच मला परवा शिकवत होतास ना? म्हटलं, मामा, ही साठलेली वीज. म्हणाले, मग ती रिकामी करायची काही सोय ठेवत नाहीत का हे लोक?
पलंगाखालची पुडी पायाने आणखी आत सरकवली. कोपर अजून झिणझिणतंय.

२३ फेब्रुवारी, रविवार
वाजला!! गाणं आलं!
म्हणजे घूंऽऽ असा आवाज आला आणि त्याच्या मागे, भिंतीपलीकडे कोणी गावं तसं गाणं आलं. ही घूं म्हणजेच ट्यूबचा गरम आवाज असणार. सगळे त्याचीच तर तारीफ करतात.
मामांनी विचारलं, फ्रिज कधी घेतलास?
संकल्प: कान तयार नसलेल्यांशी संगीतावर चर्चा बंद.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
डावा स्पीकर गप्प. दोन दिवस तारा हलवल्या, नवी ट्यूब घातली, थापटलं. मग विचार केला. गाणारा एकच असतो. मग स्पीकर दोन कशाला? एकच बरा. आवाज कुठून येतो याबद्दल ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.
ताईने व्हिडिओ मागितला. पाठवला. म्हणाली, दिवे फार छान दिसतात रे. आवाजाबद्दल फोनवर काही कळत नाही, म्हणाली. फोन जुना आहे तिचा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
तळघरात फोरमनच्या वर्कशॉपमध्ये. बटणवालीचा नंबर आधी. बोर्ड. स्विच दाबला, बल्ब लागला. बंद केला, विझला. फोरमननी आठ-दहा वेळा दाबला. दर वेळी तेच. काय पाहत होते देव जाणे. बोर्ड उघडून आत पाहिलं, हं म्हणाले.
मग मी. गोणपाट बाजूला केला. माणसं जमली. एक जण म्हणाला, आयला, हे काय विमान आहे का? खूष झालो.
फोरमननी प्लग लावलाच नाही. आधी उलटा केला. पाहत राहिले. जाड तारेवर बोट ठेवून विचारलं, इथे काय होतं? म्हटलं, फ्यूज, पण तो आवाज अडवत होता. विचारलं, अडवत होता म्हणजे, आधी आवाज कसा होता? म्हटलं, आधी कधी? म्हणाले, बदल करण्याआधी. म्हटलं, साहेब, बदल करण्याआधी जोडलाच नव्हता.
फोरमन स्टुलावर बसले. म्हणाले, अरे बाळा, जे ऐकलंच नाहीस ते सुधारलंस कसं?
लोक हसले. बटणवाली हसली नाही. त्याचाच जास्त राग आला.
पण! निघताना हाक मारली. म्हणाले, सोल्डर बरं आहे तुझं, हात वाईट नाही. ती मुलगी पास आहे. तरी सोमवारी दहा तारखेला मी नाव देणार, तोवर मुदत. पत्रकात आहे तसाच जोडायचा. एक तार इकडची तिकडे नाही. वाजला तर तुझा विचार आधी करीन, कारण तुझं काम अवघड आहे.
मी मनातल्या मनात हेल्परचा गणवेश घालून जिना चढलो.

१ मार्च, शनिवार
पलंगाखालची पुडी काढली. सगळे पार्ट शाबूत. संकल्प: पत्रक म्हणजे देववाणी.

६ मार्च, गुरुवार
जोडतोय. पान उलटण्याआधी मामांना पान दाखवायचं, त्यांनी चित्र आणि यंत्र ताडून पाहायचं, असा नियम केलाय. मामांना वाचता येत नाही, पण चित्रात कमी काय ते झटकन दिसतं. दोनदा अडवलं मला. तिसऱ्यांदा म्हणाले, तुझी घाई मला झोपू देत नाही.

९ मार्च, रविवार, सकाळी ११
वाजला. दोन्हीकडून. घूं नाही.
काही न करता, नुसतं जोडून, पहिल्याच झटक्यात. बाईचा आवाज होता, गाताना मध्येच तिने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. मामांनी डोळे मिटले. झोपले वाटलं, पण बोटं गादीवर ताल धरत होती. ताईला फोन लावून स्पीकरसमोर धरला. म्हणाली, आता हात लावू नकोस. तसाच ने. मागून दाजी म्हणाले, आणखी एक गाणं लाव.

दुपारी १
तसाच नेणार. ताईची शपथ.

१.४०
एक विचार. आवाज छान आहे. पण पत्रक वाचून कोणीही जोडला तरी हाच येणार. मग यात मी कुठे आहे? फोरमन साहेबांना माझं काय दिसेल? फक्त एक कपॅसिटर बदलतो. मोठा नाही, मागवलेल्यांतला मधला. एकच.

२.३०
एक बदलला की दुसऱ्या बाजूवर अन्याय होतो. तोही.

३.१५
मामा उठले, म्हणाले, गाणं का थांबलं? म्हटलं, यंत्राला विश्रांती. माझ्या हातातल्या सोल्डरिंग आयर्नकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

५.००
धूर. थोडाच. ट्रान्सफॉर्मरला जळक्या डांबराचा वास येतोय. फ्यूज उडाला, पण मजल्यावरचे दिवे गेले नाहीत. यावेळी फ्यूज होता ना. ही सुधारणाच म्हणायची.

६.३०
ट्रान्सफॉर्मर गेला. सकाळी वाजत होता, मामा साक्षीदार आहेत. उद्या मामांना घेऊन जाईन. फोरमन समजूतदार आहेत.

१० मार्च, सोमवार
मामा आले नाहीत. म्हणाले, मी ऐकलं ते खरंय राजा, पण मला बघून बल्ब लागत नाही.
जागा बटणवालीला.
दुपारी रोलर अडकला, अर्धी चादर आत, अर्धी बाहेर. मला कारण ठाऊक होतं. झाकण उघडायला पुढे झालोच होतो, तेवढ्यात हेल्पर आली, नव्या गणवेशात. आधी मेन स्विच बंद केला, मग मला म्हणाली, दादा, जरा बाजूला व्हा, आत वीज असते.
झालो.